लिओपोल्डचे कागद पुण्यात बसून वाचताना: कोठार भरलेलं, कोठारी गैरहजर

आल्डो लिओपोल्डचे कागद अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन इथल्या अभिलेखागारात आहेत. त्यांचा मोठा भाग स्कॅन करून विद्यापीठाच्या डिजिटल संग्रहात सगळ्यांसाठी मोफत ठेवला आहे. खातं उघडायचं नाही, शिफारसपत्र आणायचं नाही, फॉर्म भरायचा नाही. आपल्याकडे दुर्मिळ विभागाचं एक कपाट उघडून घ्यायला काय काय सव्यापसव्य करावं लागतं हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना एवढंही पुरेसं वाटेल. तरी निकाल आधीच सांगतो. संग्रह म्हणून पाचपैकी पाच, वाचकाला दिलेली सेवा म्हणून जेमतेम तीन. कोठार काठोकाठ भरलेलं आहे, पण कुठल्या कणगीत काय आहे हे सांगणारा कोठारी नाही. ते काम आपल्यालाच करावं लागतं. कसं, त्याचंच हे परीक्षण.

लिओपोल्ड कोण, ते थोडक्यात. जन्म ११ जानेवारी १८८७, आयोवातलं बर्लिंग्टन. येलमधून वनशास्त्र शिकून १९०९ मध्ये अमेरिकन वनखात्यात रुजू. न्यू मेक्सिकोतलं गिला अरण्य १९२४ मध्ये राखीव झालं त्यामागे तोच. १९३३ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात वन्यजीव व्यवस्थापनाचा प्राध्यापक, १९३५ मध्ये वाइल्डरनेस सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक. त्याच वर्षी त्याने बॅराबूजवळ विस्कॉन्सिन नदीकाठी पिकं घेऊन घेऊन दमलेली एक जमीन विकत घेतली. तिथल्या कोंबड्यांच्या खुराड्याचं राहण्याजोगं खोपटं केलं आणि सुट्टीच्या दिवशी घरच्यांना घेऊन झाडं लावायला सुरुवात केली. २१ एप्रिल १९४८ रोजी शेजाऱ्याच्या जमिनीवरचा वणवा विझवताना तो गेला. ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ हे पुस्तक त्यानंतर १९४९ मध्ये आलं. पुण्यात पर्यावरण विषय घेतलेल्या बहुतेकांच्या वाचनात ते कधी ना कधी येतं. त्या पुस्तकामागचा कच्चा माल म्हणजे हे कागद.

आत शिरताना

पहिली चूक बहुतेकांची एकच होते: मोठ्या शोधयंत्रात नाव टाकायचं आणि समोर येईल त्या पानावर टिचकी मारायची. त्यातून सुटी पानं हाती लागतात, संदर्भ लागत नाही. आधी विद्यापीठाच्या डिजिटल संग्रहात जाऊन लिओपोल्ड संग्रहाचं मुख्य पान उघडावं आणि तिथली मालिकांची यादी शांतपणे वाचावी. ही यादीच नकाशा आहे. संपूर्ण संग्रहाचा क्रमांक ९/२५/१०, आणि त्यापुढे जोडलेला आकडा मालिकेचा. अभ्यासकांच्या टिपांमध्ये ‘१०-६’ असं दिसलं की ती लिखाणाची मालिका: खर्डे, भाषणं, छापलेले आणि न छापलेले लेख. ‘१०-७’ म्हणजे रोजनिशा, आणि खोपट्यावरच्या वह्या इथेच. घरच्यांना लिहिलेली पत्रं ‘१०-८’ मध्ये. कामकाजाची पत्रं वेगळी, संस्था-समित्यांचे कागद वेगळे, आणि प्राणी-पक्षी-विषयवार फायली आणखी वेगळ्या.

मालिकेखाली पेटी, पेटीखाली फोल्डर. फोल्डर हे इथलं शेवटचं एकक. एकेका पत्राची स्वतंत्र नोंद शोधत बसू नका. आडनावाच्या आद्याक्षराचा फोल्डर उघडला की त्यात कितीतरी लोकांची पत्रं एकामागे एक येतात, कधी शंभराच्या वर पानं. म्हणून वाचायला लागल्याबरोबर मालिका, पेटी, फोल्डर आणि प्रतिमेचा क्रमांक या चार गोष्टी टिपून घ्याव्यात. मूळ कागदांवर पृष्ठक्रमांक असतीलच असं नाही, त्यामुळे प्रतिमेचा क्रमांक हीच तुमची खूण. नुसता दुवा जपून ठेवणं पुरेसं नाही. ग्रंथालयांची संकेतस्थळं बदलतात, जुन्या लेखांतले दुवे मरतात, पण ‘१०-६, पेटी १६’ हा पत्ता पन्नास वर्षांनीही चालेल.

शोधाची खिडकी आहे, पण तिच्यावर फार विसंबू नये. ती फोल्डरांची नावं आणि वर्णनं चाळते. लिओपोल्डचं हस्ताक्षर यंत्राला वाचता येत नाही, त्यामुळे रोजनिशीत एखाद्या पक्ष्याचं नाव शंभरदा आलं असलं तरी शोधात ते एकदाही दिसणार नाही. ‘काही सापडलं नाही’ याचा अर्थ ‘नाही’ असा घेऊ नका. डार्विनच्या पत्रव्यवहाराशी तुलना केली की फरक डोळ्यांत भरतो. केंब्रिजच्या त्या प्रकल्पात १५,००० च्या वर पत्रं अक्षरशः उतरवून, टिपा देऊन शोधण्याजोगी केली आहेत. छापील खंडांचं काम २०२२ मध्ये पुरं झालं आणि त्यामागे जवळपास अर्ध्या शतकाची मेहनत आहे. लिओपोल्डच्या वाट्याला एवढं आलेलं नाही. इथे चित्रं आहेत, मजकूर नाही. सेवेचे गुण कापले ते मुख्यतः यासाठी.

कागद डोळ्यांना कसा दिसतो

टंकलिखित पानं सुखाने वाचता येतात. त्याने पाठवलेल्या पत्रांच्या मात्र बहुधा कार्बन प्रती उरल्या आहेत, आणि कार्बनवर ‘ई’, ‘सी’, ‘ओ’ ही इंग्रजी अक्षरं एकमेकांत मिसळतात. अशा पानावर अक्षरओळख चालवली तर निम्मा वेळ चुका दुरुस्त करण्यात जातो. चार-पाच पानांसाठी हाताने टाइप करणं लवकर होतं.

खर्डे वेगळी डोकेदुखी. लिओपोल्ड पिवळ्या रेघी कागदावर पेन्सिलीने लिहायचा. पिवळ्यावर करडी पेन्सिल, वर खोडाखोड, समासात भर. पडद्यावर रंगीत प्रतिमा मोठी करून पाहिली तर वाचता येतं, छापताना घोटाळा होतो. झेरॉक्सच्या दुकानातलं यंत्र बहुधा ‘मजकूर’ या सेटिंगवर असतं. ते प्रत्येक ठिपका काळा की पांढरा एवढंच ठरवतं, आणि फिकट पेन्सिल सरळ पांढऱ्यात ढकलतं. अप्पा बळवंत चौकात असो की कॉलेजच्या दारात, दुकानदाराला ‘फोटो’ किंवा ‘ग्रेस्केल’ सेटिंग लावायला सांगा. घरी आधी प्रतिमेचा निळा चॅनेल, म्हणजे रंगीत चित्रातला फक्त निळ्याचा थर, वेगळा काढून पाहिला तर आणखी एक गोष्ट कळते: पिवळा कागद निळ्यात गडद होतो आणि पेन्सिल त्यात बुडते. म्हणजे निळा टाकायचा, लाल किंवा हिरवा ठेवायचा. फोटो सुधारणाऱ्या कुठल्याही मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे होतं. त्यानंतर कॉन्ट्रास्ट थोडाच वाढवावा. जास्त वाढवला की रेघांच्या ओळी अक्षरांवर चढतात.

कागदाचा आकारही लक्षात घ्या. अमेरिकन लीगल पान २१६ बाय ३५६ मिलिमीटरचं, आपला ए-फोर २१० बाय २९७. शंभर टक्के आकारात छापलं तर खालच्या पाच-सहा ओळी गायब. पानात बसवून छापलं तर आकार सुमारे ८३ टक्क्यांवर येतो. टंकलिखिताला ते चालतं, पेन्सिलीच्या बारीक अक्षराला नाही. तिथे लीगल कागद मागावा किंवा सरळ ए-थ्री.

मोबाइलवर हा संग्रह वाचू नये. उघडतो, दिसतो, पण एका हाताने पान मोठं करत दुसऱ्या हाताने टिपण घेता येत नाही. पूर्ण फोल्डर एकदम उतरवण्याचाही मोह टाळावा. हवी ती पानं बघून तेवढीच उतरवावीत आणि फाइलचं नाव लगेच पत्त्यावरून द्यावं. ‘डाउनलोड-३७’ नावाची फाइल महिन्याभराने कुणाच्याच कामाची नसते.

सगळ्यात मोलाचं काय

पुस्तक वाचून झालेल्यांनी थेट लांडग्यांच्या प्रकरणाकडे जावं. तरुण वनाधिकारी असताना लांडगीवर गोळ्या झाडल्या आणि तिच्या डोळ्यांतली हिरवी आग विझताना पाहिली, हा त्याचा प्रसिद्ध प्रसंग. निबंधात तारीख नाही, नेमकी जागा नाही. त्यामुळे हा प्रसंग रचलेला आहे की काय अशी शंका घ्यायला जागा राहते. उत्तर घरच्या पत्रांत आहे. सप्टेंबर १९०९ मध्ये ॲरिझोनातून आईला लिहिलेल्या पत्रात त्याने दोन लांडगे मारल्याचं जाता जाता सांगितलं आहे. हिरव्या आगीचा, पश्चात्तापाचा तिथे पत्ता नाही. बावीस वर्षांच्या पोराची ती बातमी आहे, एवढंच. निबंधाचा खर्डा एप्रिल १९४४ चा. मधे पस्तीस वर्षं गेली, आणि त्यातल्या सुरुवातीच्या काळात हाच माणूस न्यू मेक्सिकोत लांडगे आणि प्युमा यांच्या उच्चाटनाची बाजू हिरिरीने मांडत होता.

मग १९४४ मध्येच का लिहिलं? ते कळायला तिसरा फोल्डर उघडावा लागतो. अल्बर्ट हॉकबॉम हा त्याचा विद्यार्थी, चित्रकार, मॅनिटोबातल्या डेल्टा इथे पाणपक्ष्यांवर काम करणारा. पुस्तकाची चित्रं सुरुवातीला तोच काढणार होता. निबंधांचे खर्डे वाचून त्याने गुरूला स्पष्टच लिहिलं की, तुम्ही नेहमी बरोबरच होतात असा सूर लागतोय, भक्षकांच्या बाबतीत तुमचाही हात होता, ते कुठेतरी येऊ द्या. शिष्याने एवढं बोलावं आणि गुरूने ते मानावं, हे आपल्या विद्यापीठांत किती वेळा घडतं हा वेगळा विषय. हा पत्रव्यवहार, १९०९ चं पत्र आणि १९४४ चा खर्डा हे तिन्ही वेगवेगळ्या मालिकांत आहेत. संकेतस्थळावर ते एकत्र कुठेच मांडलेले नाहीत. तीन खिडक्या शेजारी उघडून तारखेच्या क्रमाने वाचावं लागतं. पण एवढं केलं की पुस्तकातली ती दोन-तीन पानं पुन्हा पहिल्यासारखी वाचता येत नाहीत.

प्रस्तावनेचंही तसंच. छापील पुस्तकातली आटोपशीर प्रस्तावना ४ मार्च १९४८ ची. तिच्याआधी ३१ जुलै १९४७ ची एक लांब प्रस्तावना त्याने लिहिली होती, ज्यात मतं कशी बदलत गेली याचा पाढा आहे. ती १९८७ पर्यंत छापली गेली नाही. १९२३ चा नैर्ऋत्य अमेरिकेतल्या संवर्धनाच्या मूलतत्त्वांवरचा निबंध तर १९७९ मध्ये पहिल्यांदा छापून आला. जमिनीकडे नीतीच्या दृष्टीने पाहण्याची बीजं त्याच्या उत्तरायुष्यात रुजली असं सर्रास सांगितलं जातं, आणि या निबंधाने ती समजूत पंचवीस वर्षं मागे ढकलली. लिखाणाची मालिका चाळताना म्हणूनच न छापलेल्या लेखांच्या पेट्या आधी घ्याव्यात. छापलेलं ग्रंथालयात मिळतंच.

खोपट्याच्या वह्या आणि ऋतूंच्या तारखा

पुण्यातल्या निसर्गमंडळींना सर्वांत जवळचा वाटेल तो हा भाग. कोण कोण आलं, हवा कशी, नदीला पाणी किती, काय लावलं, कुठला पक्षी आला, कुठलं फूल उमललं. वेताळ टेकडीवर पळस कधी फुलला, पाषाणला बदकं कधी आली, पहिला चातक कधी दिसला हे वहीत लिहून ठेवणारे लोक इथेही आहेत. त्यांनी या वह्या पाहाव्याच.

या नोंदींवरून लिओपोल्डने स्वतः एलिझाबेथ जोन्सबरोबर १९४७ मध्ये सॉक आणि डेन या दोन काउंटींचा (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) १९३५ ते १९४५ चा ऋतुलेखा प्रसिद्ध केला. पुढे त्याची मुलगी निना लिओपोल्ड ब्रॅडली हिने त्याच जागी १९७६ पासून पुन्हा नोंदी घेतल्या. १९९९ मध्ये तिने आणि सहकाऱ्यांनी दोन्ही कालखंड जोडून ५५ ऋतुघटना तपासल्या. सरासरी निघाली वर्षाला ०.१२ दिवस लवकर, म्हणजे ६१ वर्षांच्या टप्प्यात साधारण आठवडाभर. काही घटना बऱ्याच पुढे सरकलेल्या, काही जागच्या हलल्याच नाहीत. वह्या लिहिताना हवामानबदल हा विषय कुणाच्या डोक्यात नव्हता, तरी आकडे उपयोगी पडले, कारण नोंदी घेण्याची पद्धत नेटकी होती.

पण त्या वह्यांतून स्वतः आकडे काढायला बसणाऱ्यांसाठी खड्डे बरेच आहेत.

तारखा अमेरिकन पद्धतीच्या. ४/५ म्हणजे ५ एप्रिल, ४ मे नव्हे. आपल्या सवयीने भरलं तर महिन्याभराची चूक होते, आणि वसंताच्या नोंदींत ती सहज खपूनही जाते. १२ च्या पुढची तारीख आली की यंत्र ओरडतं, १२ पर्यंत गप्प बसतं. महिना अक्षरांत भरणं उत्तम. वर्षाचा कितवा दिवस असं रूपांतर करताना १९३६, १९४०, १९४४ आणि १९४८ ही लीप वर्षं. साध्या वर्षात १ एप्रिल हा ९१ वा दिवस, लीप वर्षात ९२ वा. वर्षाला ०.१२ दिवसाचा कल शोधताना एका दिवसाची ढिलाई परवडत नाही.

घड्याळाचा घोळ याहून चोरटा. ९ फेब्रुवारी १९४२ ते ३० सप्टेंबर १९४५ या काळात अमेरिकेत युद्धवेळ लागू होती, घड्याळं वर्षभर एक तास पुढे. (आपल्याकडेही १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ भारतीय प्रमाणवेळ तासभर पुढे होती. तेव्हाची पुण्यातली जुनी डायरी वाचणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.) लिओपोल्ड पहाटे उठून कुठला पक्षी कितीला गायला लागला आणि तेव्हा उजेड किती होता हे प्रकाशमापकाने मोजून लिहायचा. त्या नोंदींवरचा लेख त्याच्या मृत्यूनंतर १९६१ मध्ये निघाला. अशा नोंदीत तासाचा फरक म्हणजे सगळंच मुसळ केरात. पडताळा सोपा आहे. मॅडिसनला जूनअखेर सूर्योदय प्रमाणवेळेनुसार ४:१८ च्या आसपास होतो. पक्ष्यांचं पहाटेचं गाणं त्याच्या आधी सुरू होतं. नोंदीतली वेळ या हिशेबात बसते की तास पुढे जाते ते पाहायचं. पुण्यात जूनचा सूर्योदय सहाच्या जरा आधी आणि जानेवारीचा सातच्या जरा पुढे, वर्षभरात तासाभराहून थोडाच जास्त फरक. तिकडे तो तीन तासांच्या वर जातो, हेही वाचताना मनात असू द्या. उजेडाचं माप फूट-कँडलमध्ये असतं: एक फूट-कँडल म्हणजे १०.७६ लक्स. तापमान फॅरनहाइटमध्ये, अंतर मैलांत, जमीन एकरांत.

सुट्टीचा दोष मात्र आकडेमोडीने जात नाही. खोपटं शनिवार-रविवारचं. शनिवारी ‘पहिलं फूल’ दिसलं म्हणजे ते सोमवार ते शनिवार यांपैकी केव्हाही उमललेलं असू शकतं. मॅडिसनच्या, म्हणजे डेन काउंटीच्या, नोंदी आठवड्यातल्या इतर दिवसांची भर घालतात, पण दोन्ही जागा एक नाहीत. म्हणून तक्ता करताना ‘पहिल्यांदा दिसलं’ या रकान्याशेजारी ‘त्याआधी गेलो तेव्हा नव्हतं, ती तारीख’ असा रकाना हवाच. या दुसऱ्या तारखेशिवाय पहिलीला अर्थ नाही. हाच दोष सिंहगडावर रविवारीच जाणाऱ्या आपल्या पक्षीमंडळींच्या याद्यांत तंतोतंत असतो. ‘सीझनवॉच’सारख्या उपक्रमात एकच झाड दर आठवड्याला बघायला सांगतात ते याचसाठी, आणि झाडाला पालवी, कळी, फूल, फळ नसलं तरी ‘नाही’ असं नोंदवायला लावतात तेही याचसाठी.

माझ्या मते तक्त्यात एवढे रकाने पुरतात: तारीख, काउंटी, मूळ नाव जसंच्या तसं, आजचं नाव, अवस्था, आधीच्या भेटीची तारीख, कोणत्या घड्याळाची वेळ, पत्ता. मूळ नावाचा रकाना पुसून आजचं नाव लिहू नका.

नावांची फसगत

इंग्रजी पक्षीनावं ओळखीची वाटतात तिथेच पाय घसरतो. लिओपोल्डचा ‘रॉबिन’ हा कस्तुराच्या कुळातला, आपला दयाळ किंवा चीरक नव्हे. त्याचा ‘ब्लॅकबर्ड’ उलट कस्तुर नाही, तो अमेरिकेतल्याच वेगळ्या कुळातला. ‘स्पॅरो हॉक’ म्हटलं की आपल्याला शिक्र्याचा भाऊबंद आठवतो, तेव्हाच्या अमेरिकेत ते खरुचीचं नाव होतं. ‘मार्श हॉक’ म्हणजे भोवत्या, ‘डक हॉक’ म्हणजे बहिरी ससाणा. ‘अपलँड प्लोव्हर’ प्लोव्हर नाहीच, तो तुतारीच्या गोतावळ्यातला, आणि आता त्याचं नावही अपलँड सँडपायपर असं बदललं आहे. मराठीत भाषांतर करणारे इथे हमखास अडखळतात. वनस्पतींची लॅटिन नावंही काही बदलली आहेत. तेव्हाचं नाव आजच्या यादीत सापडलं नाही तर समानार्थी नावांत शोधा.

हक्क, परवानगी आणि मदत

वाचायला मोफत म्हणजे छापायला मोफत असा समज आहे, तो चुकीचा. पत्राचा कॉपीराइट ते लिहिणाऱ्याचा असतो. ज्याला आलं त्याचा नाही आणि ज्या ग्रंथालयात ते पडलं आहे त्याचाही नाही. लिओपोल्डच्या कागदांत दुसऱ्यांनी त्याला लिहिलेली ढीगभर पत्रं आहेत, त्यांचे हक्क त्या त्या माणसांच्या वारसांकडे. लिओपोल्ड १९४८ मध्ये गेला म्हणून सगळंच मोकळं झालं असंही नाही. मृत्यूनंतर बऱ्याच उशिरा प्रथम छापलेल्या लिखाणाचे नियम अमेरिकेत वेगळे आहेत, आणि १९७९ किंवा १९८७ मध्ये पहिल्यांदा छापलेले लेख त्यातच मोडतात. अभ्यासासाठी चार ओळी उद्धृत करणं वेगळं आणि दिवाळी अंकासाठी अख्ख्या पत्राचा अनुवाद करणं वेगळं. दुसरं करायचं असेल तर आधी अभिलेखागाराला लिहून विचारा. संपादकालाही तसं लेखी उत्तर दाखवता येतं.

मदतीसाठी ईमेल करताना ‘लांडग्यांवर काय आहे?’ असं विचारू नये. मालिका-पेटी-फोल्डरचा पत्ता द्यावा, प्रतिमेचा क्रमांक द्यावा आणि नेमकं काय वाचता येत नाही किंवा काय सापडत नाही तेवढंच लिहावं. एका पत्रात एकच प्रश्न. मॅडिसन आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेअकरा तास आणि उन्हाळ्यात साडेदहा तास मागे. आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेसात आणि हिवाळ्यात साडेआठ वाजतात तेव्हा तिथे सकाळचे नऊ झालेले असतात. संध्याकाळी पाठवलेलं पत्र त्यांच्या टेबलावर दिवसाच्या सुरुवातीला पडतं.

पुस्तक न वाचता कुणी या संग्रहात शिरू नये. पानापानाला अडखळायला होईल आणि आठवड्याभरात सोडून द्याल. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी एखाद्या प्रजातीची दहा-बारा वर्षांची नोंद काढायची असेल तर जमतं, पण उतरवायला लागणारा वेळ धरूनच विषय निवडा. मार्गदर्शकाला ‘ऑनलाइन डेटा आहे’ असं सांगून सुरुवात केली तर फजिती ठरलेली, कारण इथे डेटा नाही, वह्या आहेत. शाळेच्या शिक्षकांसाठी उलट काम सोपं: वसंतातलं खोपट्याच्या वहीचं एक पान मोठं करून छापावं, मुलांकडून तारीख, हवा, पक्षी, फूल वेगळं काढून घ्यावं आणि तेच रकाने घेऊन शाळेच्या आवारातल्या एका बहाव्याची वही सुरू करावी. बहावा निवडायचा तर जानेवारीतच, कळ्या धरायच्या आधी. मे महिन्यात शाळेला सुट्टी असते आणि तेव्हाच तो फुलतो, त्यामुळे शाळेजवळ राहणारी दोन मुलं नेमून ठेवावी लागतात.